धून कुणाकडे होती

इंदूरमध्ये कुणाला सांगितलं की मी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘अच्छा, गाणारं कोण आहे?’ ऑर्केस्ट्रा म्हणजे इथे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी किंवा गणपतीत स्टेजवर जुनी फिल्मी गाणी म्हणणारी मंडळी. आमच्यात गाणारं कुणीच नाही, नुसती वाद्यं, हे ऐकल्यावर माझ्या मावशीने अगदी कळवळून विचारलं होतं, ‘मग लोक बसतात कसे गं?’

लोक फारसे बसत नव्हतेच. म्हणून सरांनी मुलांना बसवायचं ठरवलं.

सर म्हणजे माझ्या शाळेत वेस्टर्न म्युझिक शिकवणारे सर. रिटायर झाल्यावर त्यांनी स्नेहलतागंजातल्या एका शाळेचा हॉल रविवारच्या सकाळपुरता मिळवला आणि ज्यांना ज्यांना एखादं वाद्य धड धरता येत होतं त्या सगळ्यांना गोळा केलं. चर्चमध्ये वाजवणारे, बँडमधून निवृत्त झालेले, शाळा सुटल्यावर व्हायोलिन कपाटावर टाकून दिलेले. स्टेशन जवळ असल्यामुळे संगीतात जिथे मुद्दाम शांतता ठेवलेली असते, नेमकी तिथेच गाडी उशिरा धावत असल्याची घोषणा ऐकू यायची. चेलो वाजवणारे एक काका होते, त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. ते मला दाखवून इंदुरी ढंगात म्हणायचे, ‘भिया, ये मैडम भी अपनी टीम में हैं, इनकी भी चाय मँगाओ.’

शाळांमध्ये जाऊन मुलांना ऑर्केस्ट्रा ऐकायला शिकवायचं, पण भाषण न करता, असा सरांचा बेत होता. त्यासाठी त्यांनी एक खेळ रचला. एक छोटीशी धून, त्यांनीच बांधलेली, कुणालाही गुणगुणता येईल अशी. सुरुवातीला ती एकच व्हायोलिन वाजवणार, उभं राहून, बाकी सगळे गप्प. मुलांनी ती ऐकून पाठ करायची. मग सगळा ऑर्केस्ट्रा तीच धून निरनिराळ्या रूपांत वाजवणार. कधी संथ, कधी उड्या मारत, कधी बासरीवर, कधी खाली चेलोवर. मुलांना ती जिथे ओळखू येईल तिथे त्यांनी हात वर करायचा. ‘ये भेस बदलेगी,’ सर म्हणायचे, ‘आपको पकड़ना है.’ याला थीम अँड व्हेरिएशन्स म्हणतात हे ते अगदी शेवटी सांगायचे. तोवर मुलांना ते नावाशिवायच समजलेलं असायचं.

ती सुरुवातीची एकट्याने वाजवायची धून मला हवी होती. इतकी साधी गोष्ट आहे, आणि हे वाक्य मी तेव्हा एकदाही मोठ्याने म्हटलं नव्हतं.

मी सेकंड व्हायोलिनमध्ये होते. ऑर्केस्ट्रात व्हायोलिनचे दोन गट असतात. फर्स्टवाल्यांकडे बहुतेक वेळा धून असते आणि सेकंडवाले तिच्या खाली भरणा करतात. शाळेच्या फोटोत मागच्या रांगेत उभं राहावं तसं हे असतं. आपण फोटोत असतो, पण बोट ठेवून दाखवल्याशिवाय कुणाला दिसत नाही. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती. मला मागची रांग मनापासून आवडते. पण पहिल्या रविवारपासून मी एकही तालीम चुकवली नव्हती, आणि सरांनी ती धून पहिल्यांदा हार्मोनियमवर वाजवून दाखवली तेव्हा मी घरी जाऊन ती रात्रीच्या जेवणापर्यंत वाजवत बसले होते. मला वाटलं, सरांना दिसेलच. शाळेत त्यांना सगळं दिसायचं.

मग ती आली.

ती पुण्याची. पीथमपूरच्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून इथे आली होती, माझ्याच वयाची. पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांची नावं विचारली आणि, हे जास्त वाईट, ती लक्षातही ठेवली. तिची व्हायोलिनची पेटी आतून गर्द निळ्या मखमलीची होती. गज पुसायचं फडकं वेगळं आणि तारा पुसायचं फडकं वेगळं. माझ्याकडे दोन्ही कामांना आईच्या जुन्या सुती ओढणीचा एकच तुकडा होता. मी मराठी आहे हे कळल्यावर ती केवढी खूश झाली. ‘अगं, मग आपण मराठीतच बोलू या की!’ मी म्हटलं, ‘हो, मी तर घरी मराठीच बोलून राहिली असते.’ ती हसली. वाईट नाही हसली. ‘किती गोड आहे गं तुमचं मराठी!’

संस्थानाच्या काळात आमचं घराणं इकडे आलं. तेव्हापासून आमची मराठी हिंदीच्या आणि माळवीच्या सोबतीने वाढली, आणि शाळेत गेल्यावर माझ्या वाट्याची तीही थोडी इंग्रजीने खाल्ली. मला हे माहीत आहे. पण दुसऱ्या कुणी त्याला गोड म्हटलं की त्यानंतर तोंड उघडावंसं वाटत नाही. त्या दिवसापासून मी तिच्याशी लहान लहान वाक्यांत बोलायला लागले. तिला वाटलं मी लाजाळू आहे. ते खरंही होतं, पण एवढंच कारण नव्हतं.

दोन-तीन रविवार गेले आणि सरांनी जाहीर केलं की पहिली धून ती वाजवेल.

‘वाह,’ काका म्हणाले, ‘पूना की मिसल, इंदौर की प्लेट में.’ सगळे हसले. मीही हसले. तेव्हा मी हातातला रोझिन, गजाला लावायची राळ, गजावर इतका घासत होते की मांडीवर पांढरी पूड सांडली होती.

घरी आईने विचारलं, ‘काय झालं? चेहरा का असा?’

‘काही नाही. धून तिला दिली.’

‘आणि तुला हवी होती.’

‘सरांना माहीत आहे ना मी किती वर्षांपासून वाजवतेय.’

‘त्यांना माहीत आहे, पण तू बोललीस का त्यांना?’ आई गवार मोडत होती, वर न बघता म्हणाली. ‘भाजीवालासुद्धा विचारल्याशिवाय कोथिंबीर देत नाही.’

मला तो प्रकारच आवडत नव्हता. मागून मिळालेली गोष्ट ही मिळालेली गोष्ट नव्हे, असं माझं मत होतं. शिवाय तिनेही काही मागितली नव्हती. तिला ती मिळाली होती, तिच्या निळ्या मखमलीसकट. मला तेव्हा तसंच वाटत होतं.

पहिला कार्यक्रम शहरातल्या एका शाळेत झाला. खुर्च्या नव्हत्या. सतरंज्यांवर पाचवी ते आठवीची मुलं मांडीला मांडी लावून बसली होती. ती उठली. तिने मुलांकडे बघून भुवया उंचावल्या, जणू यांचं आणि तिचं काही गुपित आहे, आणि धून वाजवली. मी मान खाली घालून ऐकलं. मनातल्या मनात चुका शोधत होते, आणि एक सापडली. तिसऱ्या सुरावर ती किंचित जास्त थांबली. मुलांना ते थांबणं फारच आवडलं. सरांनी ‘गाओ’ म्हटल्यावर सगळ्या हॉलने धून म्हटली ती त्या थांबण्यासकट.

मग खेळ सुरू झाला. संथ रूपात हात वर गेले. बासरीच्या वेळी गेले. चेलोच्या वेळी जरा वेळ लागला, पण एका मुलीने ओळखलं आणि तिचं बघून सगळ्यांनी हात वर केले. काकांनी वाजवता वाजवता तिला मान लववली.

चौथं रूप आमचं होतं. सेकंड व्हायोलिनचं. त्यात फर्स्टवाले वर भराभर बारीक नक्षी काढत राहतात आणि धून गुपचूप खाली आमच्याकडे येते, आम्हा तिघींकडे. पूर्ण कार्यक्रमात धून माझ्या हातात असण्याची ती एकच वेळ. मी ती जितकी सरळ आणि भरीव वाजवता येईल तितकी वाजवत होते. मधेच नजर वर करून बघितलं. एकही हात वर नव्हता. सगळी मुलं तोंड किंचित उघडं ठेवून तिच्याकडे बघत होती. तिचा गज शिलाई मशीनच्या सुईसारखा चालला होता.

सरांनी थांबवलं. ‘अभी धुन किसके पास थी?’

मुलांनी एकजात तिच्याकडे बोटं केली. ‘उन दीदी के पास!’

‘अरे नहीं,’ ती म्हणाली. तिचं हिंदी पुण्याचं होतं, त्यानेच मुलांना आणखी हसू यायचं. ‘मेरे पास तो थी ही नहीं. धुन उनके पास थी.’ आणि तिने गजाच्या टोकाने मला दाखवलं.

दोनेकशे डोळे माझ्याकडे वळले. सर म्हणाले, ‘बेटा, ज़रा अकेले बजाकर सुनाओ इनको.’

एवढे दिवस जे हवं होतं ते समोर आलं. आलं ते तिच्या गजाच्या टोकावरून.

इथे एक सांगायला हवं. शाळेत सरांकडे जाण्याच्या आधी मी व्हायोलिन शिकले होते ते एका क्लासमध्ये, सतरंजीवर मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पावलाला टेकवून, सा रे ग म. तिथे एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारत नाहीत, घसरत जातात. मींड घेतली नाही तर शिकवणाऱ्या बाई बोटावर टिचकी मारायच्या. सरांनी ती सवय मोडायला दोन वर्षं घेतली. इतरांबरोबर वाजवताना माझं बोट सरळ राहतं, कारण शेजारचे दोन गज मला धरून ठेवतात. त्या दिवशी हॉलमध्ये मी एकटी होते. बोट जे पहिल्यांदा शिकलं होतं तेच करायला लागलं. प्रत्येक सुराला मी आधीच्या सुरापासून घसरत, ओढत नेलं. मला ऐकू येत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

वाजवून झालं. पुढच्या रांगेतला एक मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, ‘सर, ये वो वाली नहीं है.’

मुलं हसली. शिक्षिका ‘शूऽऽ’ करून ओरडल्या. ती पटकन उठली आणि म्हणाली, ‘वही वाली है, बस साड़ी पहनकर आई है!’ मग तिने एकदा तिच्या पद्धतीने आणि एकदा माझ्यासारखी घसरत वाजवून दाखवली. मुलांनी ओळखली. टाळ्या वाजल्या. सर खूश झाले. ‘देखा? ये भी एक भेस है.’ माझ्या चुकीचं तिने सगळ्यांसमोर व्हेरिएशन करून दाखवलं होतं, आणि माझी लाज झाकली होती. मला तिचा इतका राग आला की टाळ्या थांबेपर्यंत मी स्टँडवरच्या कागदाकडेच बघत राहिले.

कार्यक्रमानंतर आम्ही बाहेर हातगाडीवर पोहे खात होतो. ती माझ्याजवळ आली, स्वतःच्या प्लेटमधली शेव माझ्या प्लेटमध्ये टाकत. ‘अगं, पुढच्या शाळेत तूच वाजव ना पहिली धून. मी सांगते सरांना.’

‘नको.’

‘का गं? छान वाजवतेस तू. ते घसरणं किती मस्त होतं.’

‘नको म्हटलं ना.’

‘चिडलीस का माझ्यावर?’

‘नाही तर.’

मला ते द्यायला ती कोण, एवढंच डोक्यात घुमत होतं. हिसकावून घेतलं असतं तर भांडता आलं असतं. ती वाटत होती, शेव वाटावी तसं. आणि जिच्याकडे भरपूर आहे तिलाच असं वाटता येतं. त्या रात्री मी ठरवलं की धून मी घेईन, पण तिच्या हातून नाही.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी हॉलवर गेले. सर खुर्च्या मांडत होते. मी चार खुर्च्या मांडल्या, पाचवीवर हात ठेवून उभी राहिले आणि म्हटलं, ‘सर, वो पहली धुन मुझे बजानी है.’ आवाज नको तितका मोठा निघाला.

सरांनी चष्म्यावरून बघितलं. ‘ठीक है. बजाओ.’

मी वाट बघत राहिले. पुढे काहीच नव्हतं. त्यांनी पुढची खुर्ची उचलली.

‘मतलब... उसको बुरा नहीं लगेगा?’

‘उसको क्यों बुरा लगेगा? उसने माँगी थी, तो उसको दे दी थी. अब तुमने माँगी.’

‘उसने माँगी थी?’

‘जिस दिन आई, उसी दिन बोली, सर, ये मैं बजाऊँ? मैंने कहा बाद में बताता हूँ. फिर दो-तीन हफ़्ते किसी और ने पूछा ही नहीं.’ आणि मग थोड्या खालच्या आवाजात, ‘मुझे तो लगता था तुमको खड़े होना पसंद नहीं है, बेटा.’

मी पाचवी खुर्ची मांडली. तिच्या व्हायोलिनचा, तिच्या मराठीचा, तिच्या भुवयांचा मला हेवा वाटत होता असं मी समजत होते. ते सगळं एका क्षणात फिकं पडलं. ती आल्या दिवशी, कुणी ओळखीचं नसताना, ‘ही मी वाजवू का?’ म्हणाली होती. ते चार शब्द तोंडातून काढायला मला महिने लागले होते, आणि तेसुद्धा तिच्यावरच्या रागाने निघाले होते. घरी जाताना रिक्षात मला त्या चार शब्दांचा इतका हेवा वाटला की आधीचा सगळा हेवा नुसता सराव वाटावा.

सरांची एकच अट होती. मी फर्स्टमध्ये तिच्या जागी बसणार, तर माझ्या जागी सेकंडमध्ये ती बसेल. ती म्हणाली, ‘चालेल की! मला कधी खाली वाजवायलाच मिळालं नाहीये.’ कुणी तिला मागच्या रांगेत बसवलं तर तिला ती सहल वाटायची.

दुसरी शाळा लालबागेच्या बाजूला होती. मी आठवडाभर बोट सरळ ठेवण्याचा सराव केला होता. उठले, धून वाजवली. कुणाचा श्वास वगैरे अडकला नाही. मुलांनी शांतपणे ऐकली, शांतपणे पाठ केली. मी घसरले नाही, थांबलेही नाही. सरांनी मान हलवली. संपलं. खाली बसताना मला वाटलं, एवढंच होतं?

मग चौथं रूप आलं. या वेळी वरची भराभर नक्षी माझ्याकडे होती आणि धून मागे तिच्याकडे. फर्स्टमध्ये सगळ्यांत पुढे जो बसतो, त्याचा गज बाकीचे बघत असतात. तो जितका गज ओढेल तितकाच मागचे ओढतात. मागच्या वेळी ती गजाच्या मधोमध वाजवत होती, म्हणून फर्स्टचे चौघेही तसेच, आणि खाली काय चाललंय ते कुणाला ऐकू येणं शक्यच नव्हतं. मी कितीतरी महिने खाली बसून हे ऐकलं होतं. खालून ऐकताना वरचं किती जड वाटतं ते मला माहीत होतं. मी गजाच्या अगदी टोकाला आले, जिथे आवाज हलका निघतो, आणि चिमूटभर गज वापरून वाजवायला लागले. मागचे तिघे माझं बघून टोकाला आले. नक्षी बारीक झाली, खिडकीच्या जाळीसारखी. आणि त्या नक्षीतून धून दिसायला लागली.

पहिला हात डाव्या बाजूला वर गेला. मग दोन. मग अख्खी रांग. मग हॉलभर हातच हात. मागे ती वाजवत होती, आणि सगळी मुलं माना उंचावून, माझ्या डोक्यावरून, तिच्याकडे बघत होती.

नंतर वाद्यं पेटीत ठेवताना सर तिच्याजवळ गेले. ‘क्या बात है! आज पहली बार सेकंड की धुन बच्चों ने पकड़ी. क्या सुर लगाया तुमने!’

काका म्हणाले, ‘अरे, इसको तो ढोलक दे दो, उसमें से भी धुन निकाल देगी.’

ती हसत होती. ‘थँक यू, सर.’

मी पेटीचं झाकण लावलं. मग पुन्हा उघडलं. ‘सर,’ मी म्हटलं, ‘वो मेरी वजह से सुनाई दी.’

सगळे वळले. मला पुढे बोलावंच लागलं. ‘मैंने नोक पर बजाया. पिछली बार ऊपर से इतना ज़ोर था कि नीचे हम तीनों मर भी जातीं तो किसी को पता नहीं चलता.’

मग काकांनी सावकाश टाळी वाजवली, एकच. ‘लो भिया. ये बोलती भी है.’

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ती माझ्या गजाकडे बघत होती, नीट, हिशेब करत असल्यासारखी. ते बघणं मला ओळखीचं होतं. मी तिच्याकडे असंच बघत आले होते. मला त्याची अजिबात लाज वाटली नाही. छान वाटलं.

‘मागच्या वेळी मी खूप जोरात वाजवलं का?’ तिने हळूच मराठीत विचारलं.

‘हो.’

‘मग सांगितलं का नाहीस?’

‘आता सांगितलं ना.’

सर आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होते. मराठी त्यांना अर्धं कळतं, पण सूर पूर्ण कळतो. त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘अच्छा, तो अगले स्कूल में पहली धुन कौन बजाएगा?’

‘मैं,’ आम्ही दोघी एकदम म्हणालो.